पाणसोटाचे डोळे

भिवा साळवे मोसंबीचे डोळे भरायचा. जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी लावलेल्या रानटी लिंबाच्या, पेन्सिलीएवढ्या रोपाच्या सालीला उभी-आडवी चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा ढालीसारखा कापून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर कलम लागलं. दिवसाला तीनशे डोळे भरणारे दुसरे होते. भिवाचे दीडशेच व्हायचे, कारण निम्मा दिवस तो काड्या निवडण्यात घालवी.

ही १९७६ सालची गोष्ट. बाहत्तरच्या दुष्काळात बागा वाळून गेल्या होत्या आणि नव्या कलमांना फार मागणी होती. बदनापूरच्या रस्त्यावर भालचंद्ररावांची रोपवाटिका होती. मी तिथे कचेरीत होतो. बी.कॉम. झालो होतो, झाडातलं काही कळत नव्हतं. एकदा मी विचारलं, डोळा तो डोळा, इतकी निवड कशाला?

भिवाने एक डोळा चाकूच्या टोकाने उकलून नखावर ठेवला. आत मोहरीएवढी पानं एकावर एक गुंडाळलेली होती.

"पानं आतमंदी आधीच बनलेली हायेत, भाऊसाहेब. निस्ती उलगडायची बाकी. आता ह्या दर पानाच्या बगलेत एकच जागा असती. तिथून फांदी निघंल, काटा निघंल, न्हाईतर फूल निघंल. झाड वयात आलं की काटा मागं पडतो अन् फूल येतं. पण पाणसोट म्हंजे बुडातून सरळ वर पळणारा कोंब. जोर लई, वय न्हाई. त्याचा डोळा भरला की कलम सात-आठ वर्सं काटेच काढत बसतंय."

त्या जानेवारीत त्याची बायको चांगुणाबाई जालन्याच्या दवाखान्यात होती. भिवा आठ दिवस तिच्यापाशी राहिला. तेवढ्यात भालचंद्ररावांनी वसंता नावाच्या दुसऱ्या मजुराकडून साडेतीनशे डोळे भरून घेतले, तेही पाणसोटाचे. पाणसोट लांबलचक असतात, एका काडीवर वीस-वीस डोळे मिळतात, निवडायचा त्रास नाही. मार्चमध्ये कोंब फुटले. भिवाने वाकून पाहिलं आणि एकेका पानाच्या बगलेतला काटा मला बोटाने दाखवला.

तो मालकांकडे गेला. मी तिथेच होतो. भालचंद्रराव म्हणाले, "बरं बाबा, तो वाफा बाजूला राहू दे. येत्या हिवाळ्यात तूच नव्याने भर." भिवाने त्या वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना काठ्या रोवल्या. मालकांच्या शब्दावर मीही विश्वास ठेवला. आजही मला स्वतःचा राग येतो तो त्यासाठी.

जुलैत भोकरदनकडून कांताबाई बैलगाडी घेऊन आली. नवरा गेल्यावर चार एकर ती एकटी करत होती. "भिवाभाऊंच्या हातचीच कलमं पाहिजेत," असं ती उन्हाळ्यातच सांगून गेली होती, आणि भिवाने पाचव्या वर्षी फळ येईल असा शब्द दिला होता. पण चांगली कलमं आदल्याच आठवड्यात एका बड्या बागाईतदाराकडे गेली होती. वसंता गाडी भरत होता ती काठ्यांच्या आतल्या वाफ्यातून.

भिवा रोपांना पाणी द्यायचं टाकून धावत आला.

"वसंता, खाली उतरव!"

"मालकांनी सांगितलंय." वसंताने कचेरीच्या दारात उभ्या मालकांकडे बोट केलं.

"मालक, तुम्ही काय बोलल्ते मार्चमंदी?"

भालचंद्रराव हसले. "अरे, हिरवीगार हायेत बघ. तिला काय कळतंय?"

"मला कळून राह्यलंय ना! माझ्या नावावर देऊन राह्यले तुम्ही."

"नाव? तुझं?" भालचंद्ररावांचा आवाज चढला. "छप्पन साली धर्म बदलल्यापासून लई नावं निघालीत तुमची. मजुरानं मजुरासारखं राहावं."

भिवा गाडीवर चढला, कमरेचा चाकू काढला आणि प्रत्येक कलमाचा कोंब डोळ्यापासून छाटत सुटला. गाडीतली संपली, मग तो वाफ्यात बसून उरलेली छाटू लागला. वसंता मध्ये आला नाही. मालक ओरडत होते, "पोलिसात देईन! भाऊसाहेब, धरा त्याला!" मी हललो नाही. धरलं नाही, आणि त्याच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही. उरले ते जंबेरीचे साडेतीनशे खुंट.

"चालता हो," मालक म्हणाले.

"चाललोच."

मला वाटलं, कांताबाई आता त्याचे आभार मानेल. ती कमरेला पदर खोचून त्याच्यावरच धावली.

"वा रे भिवाभाऊ! अन् माझं काय? दोनशे खड्डे खणून ठेवलेत, शेणखत भरलंय. तुमच्या शब्दावर मी त्या रानात ज्वारी घेतली न्हाई यंदा!"

"ही लावली असती तर आठ वर्सं काटे मोजले असते, बाई."

"ते मंग मला उन्हाळ्यातच सांगायचं! तोंड शिवल्तं का?"

भिवाने चाकू कमरेला खोचला. तो म्हणाला, "चुकलं. मालकाच्या शब्दावर राह्यलो. तुमच्या हिरीपाशी जंबेरीचं बी टाकतो. पुढच्या सालच्या हिवाळ्यात डोळे भरीन, जागेवरच. काड्या माझ्या पारखीच्या."

"दोन वर्सं जाणार म्हंजे!"

"जाणार."

"अन् तवर खड्ड्यात काय घालू, तुम्हाला?"

"मूग घाला भवतीनं. बी मी आणतो."

कांताबाईने गाडीतले उरलेले खुंट पायाने खाली लोटले, बैल वळवले आणि मागे न पाहता म्हणाली, "बसा मंग. जागा दाखवते."

भिवा मागच्या बाजूला बसला. भोकरदनच्या रस्त्याला गाडी लागली तरी तिचा आवाज ऐकू येत होता. ती त्याला बोलतच होती, आणि तो मान खाली घालून ऐकत होता.