मधल्या लांबीची गोटी

आमच्या घरी एका गोटीपाई अख्खा पावसाळा भांडण चाललं, असं कोणाले सांगतलं तर लोक हासतात. हासू द्या. गोटी म्हणजे पोट्टे खेळतात ती काचेची नाई, बाप्पा. नटावर बसते ती लोखंडाची टोपी. एका तोंडात नट जाते, दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकात दांडी घालाची आन् जोर लावाचा. नवऱ्यापाई मले हे सगळं शिका लागलं. नाई तर मले काय करा लागते? मी दर्यापूरच्या कापसाच्या जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढाच्या यंत्रावर, कापूस टाकणारी बाई. सकाळी पदर खोचला का दिवस बुडेपर्यंत वाका, उचला, टाका, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी आल्याबरोबर पहिले रेच्याखालचा कचरा झाडा.

शालूचे बाबा त्याच जिनात फिटर होते. नाव जानराव, पण मी कधी नावानं हाक मारली नाई. शालू व्हायच्या आंधी "अवो" म्हणो, शालू झाल्यावर "शालूचे बाबा". लहानपणी ते तेलाची कुपी घेऊन रेच्यायमधून फिरत. तेल घालता घालता हातात पाना आला, तो मंग सुटलाच नाई. घरी आले, हात घासले, तरी भाकर मोडताना बोटाले ग्रीसचा वास ये, आन् मी चिडो. माणूस गरीब, बोलणं कमी. पण डोक्यात एकदा काही बसलं का मंग कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

आता त्या बोल्टाचं सांगते, म्हणजे तुमाले समजंन. सगळे रेचे फिरवणारा एक लांब शाफ्ट असते. त्याच्या बेअरिंगच्या झाकणाचे बोल्ट जरा जास्तच लांब. नट आवळला तरी बोल्टाचं टोक वर उरते. आखूड गोटी त्या टोकालेच अडते, नटाले नुसती ओठानं धरते, आन् जोर लावला का नटाचे कोन खाऊन टाकते. लांब गोटी नटावर बसते बरोबर, पण डोक्यावर पट्ट्याचं चाक हाय, दांडी फिरवाले जागाच उरत नाई. म्हणून मधल्या लांबीची पाहिजे. तशी गोटी अख्ख्या जिनात एकच होती, वामनराव मिस्त्रीची.

वामनराव काही वाईट माणूस नव्हता, हे बी सांगून ठेवते. शालूले ताप आला तवा त्यानंच मॅनेजरले सांगून मले सुट्टी देवाडली. गोटीले तो कधी नाई म्हणत नसे. "मिस्त्री, गोटी देता काय?" असं शालूचे बाबा विचारत. "घे ना बाबा," असं म्हणे, आन् गोटी फरशीवर टाके. हातात देत नसे. शालूचे बाबा वाकून उचलत, काम करत, पुसत, आन् पुन्हा फरशीवर ठेवत. मंग मिस्त्री उचले. लोखंड एकदा जमिनीले लागलं का त्याचा बाट, इटाळ जाते, असं त्याचं गणित. जिनात सगळ्यायले हे ठाऊक होतं, आन् कोणाले त्याच्यात काही वावगं दिसत नव्हतं. खरं सांगाचं तर मले बी दिसत नव्हतं.

मंग त्या दसऱ्याले आमी नागपूरले जाऊन धर्म घेतला. घरातले देव गेले, उपासतापास गेले. त्या हंगामात शालूचे बाबा गोटी उचलत राहिले, पण घरी आले का कोणाशी बोलत नसत. दुसऱ्या वर्षी पावसाळा लागला, जिन बंद होतं, आन् एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "आता मी वाकणार नाई. माही गोटी मी घेईन."

"उचलली तर काय कंबर मोडते?" मी म्हणलं. "आमी बाया दिवसभर वाकतो, आमाले कोणी इचारते?"

"कापसासाठी वाकणं अलग हाय. हे अलग हाय."

"काय अलग? कंबर तर तेच!"

घरावर टिनं टाकाचे होते, शालूले शाळेत घालाचं होतं, आन् ह्या माणसाले गोटी पाहिजे. मी रोज बोलो, ते रोज आयकून घेत. शेवटी मीच थकली. म्हणलं, चला बाप्पा, घ्या एकदाची, पण मी संग येते, नाई तर कोणी बी गळ्यात काही बी मारंन.

पहिले अमरावतीले गेलो. शालूच्या बाबानं ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बरोबर मापाचा कापून खिशात ठेवला होता. दुकानात गेले का तो तुकडा काढत आन् गोट्यायच्या बाजूले उभा करत. एका दुकानात आखूड होत्या, दुसऱ्यात लांब. एक दुकानदार म्हणे, "लांब घेऊन जा ना, करवतीनं काप, झाली मधली." तवा शालूचे बाबा हासले. दिवसभरात तेवढंच हासले. मले बाहेर येऊन सांगतलं, "जी करवतीनं कापल्या जाते ते लोखंड मऊ, तिचं तोंड आठ दिवसात फाकते. आन् जी चांगली हाय तिच्यावर करवतीचेच दात जातात." संध्याकाळच्या मोटारीनं हात हालवत परत आलो. माहे पाय असे भरून आले होते का उतरताना पायरीवर पाय ठरे ना.

मंग अकोल्याले. तिथं खुशालराव म्हणून एक म्हातारा दुकानदार होता. त्याच्यापाशी नवा माल बी होता आन् लढाईनंतर लिलावात निघालेला फौजी माल बी, पोत्यात भरलेला. त्यानं पहिले नवी पेटी उघडून दाखवली. काय सांगू, आरशासारखी चमक! लहानमोठ्या गोट्या ओळीनं बसलेल्या, दांडी संग, आन् त्याच्यात मधल्या लांबीची बी एक. माहा तर जीवच बसला त्याच्यावर. मी कोपरानं ढोसलं, म्हणलं, "घ्या हेच. एकाच्या भावात पेटी येऊन राहिली."

शालूच्या बाबानं त्यातली गोटी घेतली आन् दारात उजेडाले धरून आरपार पाहलं. मले बी दाखवलं. एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची पातळ. "जोर आला का इथून चिरंन," म्हणे. मंग खिशातून कानस काढली, खुशालरावले विचारलं, आन् तोंडाच्या कडेवर हळूच घासली. कानस चावली. वरची चमक निघाली, आत पांढरं मऊ लोखंड.

मंग शालूच्या बाबानं फौजी मालाचं पोतं ओतलं. फरशीवर बसून एकेक गोटी पाहणं सुरू झालं. बारा कोनायची दिसली का बाजूले, सहा कोनायची असली का मांडीवर. म्हणे सहा कोनायची नटाले पुरी धरते, बारावाली घासलेल्या नटावर घसरते. मंग धांड्याचं माप. मंग उजेड. मंग कानस. मंग दगडावर टाकून आवाज आयकाचा. एक तर सगळ्यात पास झाली, पण आवाज जरा चिरका आला, तर ते बी ठेवून दिली. म्हणे आत कुठंतरी बारीक चीर हाय. मी खांबाले टेकून बसली होती, पोटात कावळे ओरडून राहिले होते. मी म्हणलं, "पोरीले नवरा पाहतानी तरी इतकं पाहसान का?"

"पोरीले त्याच्याहून जास्त पाहीन," ते म्हणाले. "पण हे फुटली तर मले पुन्हा मिस्त्रीपाशी जा लागंन. मंग वाकणं चुकत नाई."

तवा मले पहिल्यांदा समजलं का हा माणूस लोखंड पाहून राहिला नाई.

शेवटी एक सापडली. काळी, ओरखडे पडलेली, बाजारात फुकट दिली तरी मी उचलली नसती अशी. कानस तिच्यावरून सुरकन् घसरली. खुशालरावनं ती फडक्यानं पुसली आन् त्यायच्या हातात दिली. म्हणे, "भाऊ, हे तुमाले पुरून उरंन. नवी पेटी त्या बाईच्या समाधानाले, हे कामाले." पैसे पेटीपेक्षा थोडेच कमी लागले.

हंगाम लागला. शालूचे बाबा आपल्या गोटीनं काम करू लागले, आन् मिस्त्रीले विचारणं बंद झालं. मिस्त्रीले ते समजलं असंन. मीच पाहो का शालूचे बाबा ताठ चालून राहिले. घरी शालूशी बोलू लागले. एका रात्री मलेच म्हणाले, "तुह्यावाले टिनं पुढच्या वर्षी नक्की." मले वाटलं, चला, पैसे पाण्यात नाई गेले.

पुसाच्या महिन्यात, ऐन गर्दीत, फाटकापासून सडकेपर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या, आन् मधलं बेअरिंग तापलं. जिन बंद केलं. तो सगळा आवाज एकदम थांबला का कान बधिर होतात. मिस्त्री स्वतः खाली बसला, गोटी लावली, जोर दिला, आन् त्याची गोटी फाटली. जुनीच होती, फाटणारच. त्यानं मागं न पाहता म्हणलं, "जानराव, तुही दे रे."

शालूचे बाबा समोर गेले, तळहातावर गोटी धरली.

"ठेव तिथं," मिस्त्री म्हणे.

"हातातून घ्या ना मिस्त्री," शालूचे बाबा म्हणाले. आवाज चढवला नाई, काही नाई. पण हात बी मागं घेतला नाई.

आमी सगळ्या बाया पाहून राहिलो. मिस्त्री तसाच बसला. त्याचं तोंड लाल नाई, रागाचं नाई, नुसतं अवघडल्यासारखं. तितक्यात मॅनेजर धावत आला. "काय लावलंय? गाड्या उभ्या आहेत बाहेर! ठेव रे खाली, जानराव. ठेव म्हणतो ना!"

शालूच्या बाबानं जराक वेळ हात तसाच धरला. मंग खाली ठेवली. मले मॅनेजरच्या अंगावर कापूस फेकून मारावं वाटलं. मिस्त्रीनं गोटी उचलली, बेअरिंग खोललं, नवं बसवलं, आवळलं, आन् काम झाल्यावर सवयीनं, अगदी सवयीनं, ती शालूच्या बाबाच्या पायापाशी फरशीवर टाकली.

त्यायनं तिच्याकडं पाहलं, आन् वळून निघून गेले.

गोटी तिथंच पडली. जिन सुरू झालं. संध्याकाळी घरी आल्यावर मी वाटेल ते बोलली. "अख्खा पावसाळा माहं डोकं खाल्लं, दोन गावं पालथी घातली, आन् तुमी ते टाकून आले?" ते म्हणाले, "मी टाकली नाई, त्यानं टाकली." एवढंच. दुसऱ्या दिवशी ते साध्या पान्यानं बोल्ट खोलत बसले. पाना चाकाले अडे, जरासा फिरवा, काढा, पुन्हा लावा. बोटायची सालं निघाली. मॅनेजर येऊन म्हणे, "असंच चालणार असेल तर मला दुसरा फिटर पाहावा लागेल." घरी मी त्यायच्या हाताले तेल लावून राहिली, आन् ते बसल्या बसल्याच झोपले. इतका थकलेला माणूस मी पाहला नव्हता. मले राग त्यायचा बी आला आन् माहा बी.

मी ठरवलं, सकाळी झाडतानी उचलाची. नवऱ्याची वस्तू बायकोनं उचलली तर कोणाचं काय जाते? त्यायनं कसम घेतली असंन, मी कुठं घेतली? माही तर कंबर वाकासाठीच हाय. नोकरी राहिली तर पोरीची शाळा राहते, हे मी पक्कं धरलं.

सकाळी झाडू घेऊन मधल्या बेअरिंगपासच्या रेच्याखाली गेली. गोटी तिथंच होती, वर रुईचे तंतू बसलेले. मी वाकली. हात पुढं केला. तेवढ्यात मिस्त्री बाजूनं चालला होता, तो थांबला. अगदी मायेनं म्हणे, "उचल इंदू, उचल. घेऊन जा घरी, त्याले म्हण राग सोड. समजदार हायस तू."

माहा हात तिथंच राहिला. हे वाकणं अलग हाय, हे मले तवा समजलं. मंग झाडू गोटीच्या बाजूबाजूनं फिरवला, चारही अंगचा कचरा काढला, आन् पुढच्या रेच्याखाली गेली.