सुवार्ताबाई देवाला पत्ता सांगायच्या

आमच्या गल्लीत हल्ली कुणाचं काय चाललंय ते कुणाला कळत नाही. घराघरांत कूलर आले, दारं बंद झाली, आणि जो तो मोबाईलमध्ये परगावच्या भानगडी बघत बसतो. घरासमोरची ताजी भानगड तशीच शिळी होऊन जाते. सुवार्ताबाई होत्या तोवर असं नव्हतं. साऱ्या उंब्रजात आमच्या गल्लीइतकी माहीतगार गल्ली नव्हती, आणि तीही चहाडी न करता. सगळं प्रार्थनेच्या जोरावर.

सुवार्ताबाई चोपडे मूळच्या मिरजेच्या. तिथंच दवाखान्यात नर्स म्हणून उमर घालवली आणि निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या गावी, आमच्या शेजारच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. नवरा शांतवन गरीब गाय. दोन-तीन वर्षांत गेला. माझी बायको राहीबाई म्हणायची, "त्या माणसाला जन्मात बोलायची पाळीच आली न्हाई." गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. रविवारी बाई पांढरी साडी नेसून एस्टीनं कराडच्या चर्चला जायच्या. बाकीचे दिवस आमच्या वाट्याला.

एरवी त्यांची संध्याकाळची प्रार्थना घरातच चालायची आणि आम्हांला नुसती गुणगुण ऐकू यायची. पण होळी झाली की पत्रा तापायचा आणि बाई चटई घेऊन अंगणात यायच्या. तिथून पाऊस पडेपर्यंत आमचा हंगाम! आवाज वॉर्डात घडलेला, या टोकावरून त्या टोकाच्या आयाला हाक मारायची सवय. आणि प्रार्थना अगदी केसपेपरसारखी. आधी नाव, मग घर, मग तक्रार, मग कधीपासून.

"हे कृपाळू स्वर्गीय पित्या," अशी चर्चमधल्या शुद्ध भाषेत सुरुवात व्हायची, "तुझे लेकरू लालासाहेब, गिरणीशेजारचे, यांच्या गुडघ्याला तू स्पर्श कर. डावा, प्रभू. उजवा बरा हाय."

गुडघ्यापर्यंत आल्या की भाषा उंब्रजची व्हायची.

मी एकदा डिवचलं, "बाई, देवाला एवढा पत्ता कशाला लागतोय?"

"नानासो, एका वॉर्डात दोन शांताबाई आल्या तर नर्सचा जीव अर्धा होतो. देवाकडं साऱ्या जगाच्या शांताबाया! त्यानं कुठं शोधत बसायचं?"

बायका प्रार्थनेच्या वेळेला बरोबर दारात येऊन बसायच्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी वाळलेल्या कुरडया डब्यात भरायची. मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर बाकीच्या त्या घराकडं अशा बघायच्या की जणू कीर्तनात कुणी शिंकलं. कुणाची सून माहेराहून परत यायला तयार नाही, कुणाच्या पोराला परीक्षेत कॉपी करताना धरलं, सगळं आम्हांला "आमेन"च्या आत कळायचं. आणि गंमत अशी की राग कुणाला यायचा नाही. कारण शेवटी बाई मागायच्या त्या भल्याचंच. कुरडया वाळत असल्या तर वळवाचा पाऊससुद्धा त्या थोपवून धरायला सांगायच्या.

मग आला करोनाच्या आधीचा उन्हाळा. त्या साली पाऊस लांबला, जून लागला तरी पत्रा तापलेलाच.

आमच्या समोर सुभेदार नाथाजींचं घर. फौजेतून निवृत्त, मिशा अजून ड्यूटीवर. बायको बनुबाई, थोरली पूजा, धाकटा राजवर्धन. पूजा दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली. पोरीला मशीनचा नाद. घरातला मिक्सर दोनदा खोलून तिनं तो परत चालू केलेला. तिला कराडला डिप्लोमा करायचा होता. सुभेदार म्हणाले, "गावातल्या कॉलेजात अकरावी कर. रोज हायवेनं एकटी जायची न्हाई. डिस्कस बंद." फॉर्म भरायचे दिवस तर सरत चाललेले. पोरगी घरात बोलेना, नि जेवेनाही. शेवटी सुवार्ताबाईंकडं जाऊन रडली.

त्या संध्याकाळी बाईंनी चटई टाकली. लालासाहेबांचा गुडघा झाला, माझा खोकला झाला, आणि मग,

"प्रभू, पूजा. सुभेदार नाथाजींची थोरली, समोरचं हिरव्या फाटकाचं घर. लेकराला कराडला शिकायचंय. बाप सोडत न्हाई. रोज उशीत तोंड खुपसून रडती. हे बापाला ठाऊक न्हाई, प्रभू, आणि कळू नये म्हणून तिनं मला शपथ घातलीया."

राहीबाईच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं. समोरच्या ओट्यावर सुभेदार दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा, तसेच उठून आले.

"बाई, ही प्रार्थना म्हणायची का लाऊडस्पीकर? माझ्या घरातली बात पब्लिक करायची परमिशन कुणी दिली?"

"मी देवाशी बोलत हुते."

"देव काय बहिरा हाय?"

"देव न्हाई, सुभेदार. पण तुमी जरा कमी ऐकता."

आता हे ऐकून मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. पण सुभेदारांचा चेहरा बघितला आणि खोकलाही थांबला. माणूस रागापेक्षा शरमेनं लाल झालेला.

"आजपासनं माझ्या घरातल्या कुणाचं नाव तुमच्या तोंडात यायचं न्हाई. ऑर्डर समजा."

"बरं," बाई म्हणाल्या.

घरात जाऊन सुभेदारांनी पूजाला सांगितलं की कराडचं नाव आता काढायचंच नाही. आता सोडलं तर गल्ली म्हणेल, सुभेदार बाईच्या प्रार्थनेला भ्याला. म्हणजे बघा, प्रार्थनेनं होतं तेही मोडलं. दुसऱ्या दिवशी पूजा बाईंच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "आजी, असं का केलंत?" दुपारी राहीबाई आमटी घेऊन गेली तर बाईंची सकाळची भाकरी तशीच झाकलेली. त्यांनी मुद्दाम केलं का तोंडाच्या सवयीनं, हे मी पुढं पुष्कळदा विचारलं. त्या म्हणायच्या, "मी देवाला सांगितलं. देवानं कुणाला ऐकू दिलं ते त्याला विचारा." आता हे खरं की पळवाट, ते तुम्हीच ठरवा.

त्या संध्याकाळी बाई पुन्हा अंगणात आल्या. रांगेनं एकेक घर घेत निघाल्या. लालासाहेब झाले, आम्ही झालो, आणि समोरच्या बाजूला वळून त्यांनी सुभेदारांचं घर सोडून पुढचं घर घेतलं. पूर्वी सुभेदारांच्या म्हशीलासुद्धा प्रार्थना मिळायची, तीही गेली. साऱ्या गल्लीनं ते ऐकलं. ओट्यावर सुभेदार वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटेना. फौजी माणूस, ज्याचं नाव हजेरीत पुकारलं जात नाही त्याचं काय झालेलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

असंच चाललं. बनुबाई राहीबाईला म्हणाली, "वैनी, घर रिकामं असल्यागत वाटतंय. आमी मेलो का काय?"

मग शाळा उघडायचा आदला दिवस उजाडला. त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं नवी दप्तरं घेऊन बाईंकडं जायची. सकाळी मारुतीला नारळ, संध्याकाळी सुवार्ताबाई; आया दोन्हीकडं पाठवायच्या, एक देव कामात असला तर दुसरा मोकळा सापडावा म्हणून. बाई दप्तरावर हात ठेवून पोराचं नाव, इयत्ता, आणि गुरुजींचाही उल्लेख करायच्या. "चौथीच्या गुरुजींच्या हाताला आराम दे, प्रभू, तो हात लय चालतो." मग गूळ-शेंगदाण्याचा लाडू.

रांगेत राजवर्धनही उभा राहिला. त्याची पाळी आली तसा बाईंचा हात दप्तरापाशी जाऊन थांबला.

"बाळा, तुमच्या घरातलं नाव घ्यायची मला मनाई हाय. पप्पांना इचारून ये. मी थांबते."

पोरगं रडत घरी गेलं. रांग थांबली. आम्ही सगळे इकडंतिकडं बघतोय असं दाखवत हिरव्या फाटकाकडं बघत होतो. फाटक वाजलं, आणि सुभेदार स्वतः आले. पोराचं दप्तर त्यांच्या खांद्यावर.

"बाई, ऑर्डर कॅन्सल. घ्या नाव."

"कुणाकुणाचं?"

सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला.

"सगळ्यांचं. माझंबी. पण हळू घ्या. मला थोडं सांगायचं हाय."

बाई उठल्या. सुभेदारांना आत नेलं आणि, अहो, काय सांगू, दार लावून घेतलं! त्या उकाड्यात, तापल्या पत्र्याखाली, कडी लावून! राहीबाई मांजराला हाकलायचं निमित्त काढून भिंतीपर्यंत जाऊन आली. काही नाही. एवढ्या उन्हाळ्यांत त्या बाईनं एकदाच हळू प्रार्थना केली आणि नेमकी तीच आम्हांला हवी होती. पुढं कराडच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी ही कथा सांगितली तर ते म्हणाले, "येशूनं दार लावूनच प्रार्थना करायला सांगितलंय." मी म्हटलं, "साहेब, त्यांनी आमचा शेजार बघितला नव्हता."

सुभेदार बाहेर आले ते घामानं निथळत. डोळेही पुसले, पण घाम म्हणून. फाटकापाशी पूजा उभी होती. तिला म्हणाले, "फॉर्म भर. उद्या कराडला जाऊ." पोरीनं भर गल्लीत बापाला मिठी मारली. सुभेदार ताठ उभे, हात कुठं ठेवायचा ते कळेना. आतल्या गोष्टीबद्दल त्यांना मी चहा पाजून विचारलं, पेरू देऊन विचारलं, भांडून विचारलं. हूं की चूं नाही.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी आम्ही अर्धी गल्ली एस्टी स्टँडवर. पूजा खिडकीशी बसली. सुभेदार खाली उभे राहून चाकं तपासत होते. सुवार्ताबाई मात्र पोरीकडं न जाता थेट ड्रायव्हरच्या खिडकीखाली गेल्या.

"बाबा, नाव काय तुझं?"

"धुळा."

"रातच्याला झोप नीट झाली?"

"झाली की. का वो?"

बाईंनी एस्टीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "हे कृपाळू पित्या, धुळा, कराड गाडीचा ड्रायव्हर..." आवाज असा की पलीकडच्या फलाटावरचे लोक उठून उभे राहिले. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. धुळाच्या घरी कोण, दोन्ही डोळे शाबूत आहेत का, सगळं देवापुढं निघालं. कंडक्टरनं वैतागून डबल बेल मारली. धुळानं स्टिअरिंगवरचा हात उचलून त्याला मागच्या मागंच थांबवलं.

"थांब की गड्या जरा," तो म्हणाला, "माझं चाललंय."