सहा दिवसांत अठरा गावं

फोन आला तेव्हा ऑफिसातला हीटर नुकता लावला होता आणि माझा कोट अंगावरच होता. सकाळचे आठ चाळीस. पलीकडून मॉइरा बोलत होत्या, एडिंबराहून. तिथे आदल्या दिवशीची रात्र होत आली होती.

"डिअर, तू मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या, "पण जीन उद्या येत नाही म्हणते. परवाही नाही. कधीच नाही."

मी समोरची फाइल उघडली. जीनसाठीच तर सगळी सहल आखली होती.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑकलंडच्या दक्षिणेला, ओटाहुहुत, एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत मी कामाला होते. साहेब ग्रॅहम, मी, आणि स्टेशनरीच्या खोलीत एक फॅक्स मशीन, एवढाच पसारा. मॉइरा आमच्या जुन्या ग्राहक. वय एकोणऐंशी. लग्न करून स्कॉटलंडहून इकडे आल्या. नवऱ्याने ईस्ट टामाकीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली, तो गेल्यावर त्या एकट्या राहत होत्या. भर थंडीतही मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, घालून यायच्या. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तशी मीही मारायचे, पण मनातल्या मनात त्यांना मॉइराबाईच म्हणायचे.

जीन त्यांची धाकटी बहीण. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिने घराबाहेर पडणं सोडलं. डॉक्टर म्हणाले चाला. ही म्हणे, कुठे आणि कशाला? मॉइराबाईंनी मला सरळ सांगितलं होतं, "मी दोन आठवडे तिथे आहे. तेवढ्यात तिला बाहेर पडायची सवय लागली तर लागली. मी परत आले की तिला दारापर्यंतही कोणी नेणार नाही." रात्री तिला आपल्याच पलंगावर झोपायला हवं, म्हणून मुक्काम नको. सकाळी निघायचं, जवळची सुंदर गावं पाहायची, संध्याकाळी परत.

मी मन लावून आखणी केली. आणि तिथेच चुकले.

न्यूझीलंडला येण्याआधी मी आठ वर्षं पुण्यात एका टूर कंपनीत होते. आमच्या महाबळेश्वरच्या एका दिवसात बारा पॉइंट असायचे. गाडी थांबली की शिट्टी, उतरा, दरी बघा, फोटो काढा, शिट्टी, चढा. अकराच झाले तर परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून आवाज ठरलेला, "अहो मॅडम, एक पॉइंट राहिला की!" ग्राहकाला जास्तीत जास्त दाखवणं म्हणजे चांगलं काम, हे माझ्या हाडात मुरलं होतं. मी स्कॉटलंड पाहिलेलं नव्हतं. पण नकाशा होता, ब्रोशर्स होती आणि पट्टी होती. सहा दिवस, अठरा गावं, ड्रायव्हरसकट गाडी. प्रत्येक गावाला पंचवीस मिनिटं. आमच्या धंद्यात याला ग्राउंड टाइम म्हणतात, म्हणजे गाडी थांबल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ. ग्रॅहमने तक्ता पाहून "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, असं म्हटलं होतं. मॉइराबाईंनी तो बराच वेळ पाहिला होता आणि म्हणाल्या होत्या, "किती मेहनत घेतलीस गं." ते कौतुक आहे असं मी धरलं.

"आज काय झालं?" मी फोनवर विचारलं.

"फाइफच्या किनाऱ्यावरची पाच गावं झाली. दुसऱ्या गावानंतर जीन गाडीतून उतरलीच नाही. थांब, तीच फोन मागतेय."

मग एक करकरीत आवाज आला. "तूच का ती यादीवाली?"

"हो. मीच."

"मी पाच गावं पाहिली म्हणतात. मला पाच कार पार्क आठवतात."

मी तक्त्यातल्या त्या पाच नावांवर बोट ठेवलं.

"मला उतरायला सहा मिनिटं लागतात, चढायला आठ. राहिलेल्या वेळात तो ड्रायव्हर घड्याळ बघतो. तू सांगितलं होतंस त्याला?"

"सांगितलं होतं."

"निदान खोटं तरी बोलत नाहीस. आणि बंदराकडे जाणारी ती गल्ली! घसरगुंडी आहे ती. मॉइरा खाली जाऊन आली, मी वर काठी धरून उभी. त्यापेक्षा माझी खिडकी काय वाईट?"

"जीन, एक विचारू? तुम्हाला खरंच घरीच बसायचंय, की असं फिरायचं नाहीये?"

"कुठेतरी नीट बसून चहा प्यायचाय बहिणीबरोबर. एवढं अवघड आहे का ते?"

"उद्याचा एकच दिवस द्या. एकच गाव."

"आणि ड्रायव्हर नको."

"नको."

"बघू," म्हणून तिने फोन ठेवला.

ग्रॅहम दारात कॉफीचा मग घेऊन उभा होता. "कंप्लेंट?"

"माझीच चूक आहे. उरलेल्या तेरातली बारा गावं काढतेय."

"बारा?" तो खुर्चीत बसला. "उरलं काय मग?"

"तेच ठरवायचंय."

दिवसभर मधल्या वेळात मी नकाशे काढून बसले. या वेळी गावातलं सौंदर्य पाहिलंच नाही, चढ पाहिला. बंदरांची गावं पहिल्यांदा खोडली, कारण बंदर खाली असतं आणि रस्ता वर. दगडी फरसबंदीची खोडली, काठी अडकते म्हणून. शेवटी एडिंबराच्या पूर्वेचं डर्लटन राहिलं. मधोमध सपाट हिरवळ, तिच्या कडेने घरं, एक जुना किल्ला, तो बाहेरूनही छान दिसतो. जीनचं घर शहराच्या त्याच बाजूला होतं आणि तिकडे जाणारी बस तिच्याच रस्त्यावरून जायची. एक बस चुकली तर पुढची असते, कोणी घड्याळ बघत नाही.

पण मला खुर्चीची खात्री हवी होती. रात्रीची जेवणं लवकर आटोपून आठ वाजता घरूनच फोन लावला. तिथे सकाळचे नऊ. गावातल्या एका टीरूमचा नंबर तिथल्या पर्यटन केंद्राच्या ब्रोशरमध्ये होता. एक बाई बोलल्या.

"दाराशी पायऱ्या किती?" मी विचारलं.

"एक."

"किती उंच?"

"तू बोलतेयस कुठून?"

"न्यूझीलंडहून."

"पायरीची उंची विचारायला?" त्या हसल्या. "थांब." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग परत, "माझ्या पंजाएवढी. अजून?"

"खुर्च्यांना हात आहेत?" खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो. सोफ्यात तो रुततो.

"दोन खुर्च्या आहेत खिडकीशी. एकीवर मांजर झोपतं."

"त्या दोन्ही राखून ठेवाल? बारा वाजता, दोन बहिणी येतील."

"मांजरासकट?"

"ते बहिणींना विचारा."

टॉयलेट त्याच मजल्यावर, बस थांब्यापासून दार साठ-सत्तर पावलांवर, मध्ये एक बाक. सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि साडेआठला जीनच्या घरी फोन केला. मॉइराबाईंनी उतरवून घेतलं. मागून जीन म्हणत होती, "विचार तिला, परत यायची बस किती वाजता पकडायची?"

"दोनपासून पुढे कुठलीही," मी म्हटलं. "मी वेळ लिहिलेली नाही."

"काय म्हणाली?"

"म्हणतेय, वेळ लिहिलेली नाही."

"बरी आहे ना ती?"

दुसऱ्या दिवशी आठला ऑफिसात पोचले. साडेआठ झाले, आठ चाळीस झाले. नऊला ग्रॅहम म्हणाला, "लक्ष देऊ नकोस, आपोआप वाजेल." मी पाण्याची बाटली दोनदा भरून आणली. नऊ वीसला फोन वाजला.

"आत्ता आलो," मॉइराबाई धापा टाकत म्हणाल्या. तिथे रात्रीचे साडेदहा होत होते.

"आत्ता? पडलं का कोणी?"

"कोणी नाही पडलं. चहा झाला, सूप झालं, परत चहा झाला. मग हिरवळीच्या कडेच्या बाकावर बसलो. जीनने आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलीचं पुढे काय झालं ते सांगितलं. अर्ध्या मेल्यात, डिअर, पण इतकं हसलो! चार बसेस समोरून गेल्या. पाचव्या वेळी तीच म्हणाली, आता उठू या."

"तीच म्हणाली?"

"तीच. आणि उठली. एकटीने, बाकाला हात रेटून."

"उद्यासाठी मी दुसरं सपाट गाव शोधलंय," मी घाईने म्हटलं. सवय अशी जात नाही.

मागून जीनचा आवाज आला, "तिला सांग, आमचं हे गाव अजून संपलेलं नाही."

त्या पुढच्या चार दिवसांत तिथे आणखी तीनदा गेल्या. एक दिवस पाऊस लागला म्हणून घरीच बसल्या. माझ्या तक्त्यातली बाकीची गावं तशीच राहिली. ग्रॅहमने फाइल बंद करताना शेरा मारला, "वन व्हिलेज, फोर टाइम्स. असं पॅकेज आपण कधी विकलं नव्हतं."

मॉइराबाई परत आल्या. तीन आठवड्यांनी एका सोमवारी ऑफिसात आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि हातमोजे काढायच्या आधीच म्हणाल्या, "काल जीनचा फोन होता. बुधवारी ती एकटीच बसने जाऊन आली."

"एकटी?"

"एकटी. म्हणाली, यादीवालीला कळव."

मी फाइलवर तारीख घालून तसं लिहिलं.

त्यानंतर मी पुष्कळ सहली आखल्या. वयस्कर ग्राहक समोर बसला की कुठे जायचंय ते नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, एका जागी किती वेळ बसायला आवडतं? बहुतेकांना हे कधी कोणी विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ पेन खाली ठेवून गप्प राहावं.