खर्ड्याच्या माळावरचा न मोजलेला वारा

खर्ड्याला लोक किल्ला बघायला जातात. मी गेलो होतो वारा मोजायचा खांब उतरवायला, तोही जड मनाने. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सरकारने पवनचक्क्यांच्या विजेसाठी निविदा काढली होती. जो सगळ्यात कमी दर लावेल, त्याची वीज वीस वर्षं त्याच दराने घ्यायची, असा करार. आमच्या छोट्या कंपनीने खर्ड्याजवळचा एक माळ धरला होता. मोजणीत वारा कमी भरला, म्हणून दर चढा लावावा लागला. लिफाफे उघडले आणि दुसऱ्यांचा डोंगर निवडला गेला. माळावर हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नगरहून सकाळची जामखेड एसटी धरली. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी पकडा, ऊन कमी लागतं. भिंगार मागे पडल्यावर रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि परत नगरमध्ये येतो. खड्डे दोन्हीकडे सारखेच. जामखेडला पिठलं-भाकरी स्वस्तात आणि पोटभर मिळाली. पुढे खर्ड्यापर्यंत वडापची जीप, मग तासभर चाल.

माळावर शब्बीरभाई वाट बघत होते. खांबाचे राखणदार. काम मिळालं तर तुम्हाला इथेच कायमची नोकरी आणि तुमच्या वस्तीपर्यंत पक्का रस्ता, असं आम्हीच त्यांना सांगितलेलं. त्या न झालेल्या रस्त्याच्या कडेने त्यांनी कडुलिंबाची रोपं लावली होती. एकेकाला काट्यांचं कुंपण.

बातमी सांगितली. त्यांनी घरातून चहा आणला आणि खांबाखालचा नोंदीचा डबा फडक्याने पुसून माझ्यापुढे ठेवला.

"जपा म्हनला हुता तुमी," ते म्हणाले. "आखाडात वारं लई उठायचं, मानूस उभा ऱ्हायचा न्हाई. तवा मी डब्याची वायर काढून ठेवायचो, घरच्या टीव्हीची काढतो तशी. वारं पडलं की परत लावायचो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आषाढातली ती शून्यं मी ऑफिसात बघितली होती. वारा पडला असेल असं धरून मीच सरासरी काढली होती. वायर काढली की मोजणी थांबते, हे या माणसाला मी कधी सांगितलंच नव्हतं.

"साहेब, खरंच कमी हाय व्हय हितं वारं?"

मांडीवरचे कागद उडत होते, ते मी हाताने दाबून धरले. म्हणालो, "हो. थोडा कमी पडला."

खरं सांगितलं असतं तर त्यांनी जन्मभर स्वतःला दोष दिला असता. पण मी फक्त त्यांच्यासाठी गप्प बसलो, असंही नाही. मला माझी लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं टेम्पो घेऊन आली आणि खांब उतरवला. निघताना शब्बीरभाईंची टोपी वाऱ्याने उडाली. ती उचलून आणत ते म्हणाले, "आज जरा बरं हाय बघा." जणू त्या माळाच्या वतीने माझी माफी मागत होते.

नगरला परतल्यावर त्यांना पत्र लिहायला दोनदा बसलो. पाठवलं एकदाही नाही. अजूनही वादळ सुटलं की बायको टीव्हीची वायर काढायला उठते. तिचं बरोबरच असतं. मी मात्र तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.