कृष्णकमळाची खरड छाटणी

माझ्या सासरी वेल म्हटली की ती द्राक्षाचीच. दोडक्याच्या, कारल्याच्या वेलीलाही वेल म्हणतात, पण तेव्हा आवाजात तो मान नसतो. आमची बाग तामलवाडीच्या शिवारात, आणि सासऱ्यांचा सगळा जन्म त्या बागेत गेलेला. घरातलं बोलणंही त्याच चालीचं. कुणी आजारातून उठून रोड झालं तर 'काडी बारीक पडली' म्हणतात, आणि पोरगं फार उड्या मारायला लागलं तर 'याचा शेंडा मारायला झालाय'.

मी कोकणातली. लग्न ठरलं तेव्हा मनात आलं होतं, जिथे द्राक्षं पिकतात तिथे थोडीफार तरी हिरवळ असणारच. सोलापूर मागे पडलं आणि गाडीच्या खिडकीतून उघडे माळ, बाभळी आणि पांढरं ऊन दिसायला लागलं, तसा माझा भ्रम फिटला. आमच्याकडे अंगणातलं शेवाळ खरवडून काढावं लागायचं. इथे अंगणात दुपारी पाय ठेवला तर तळवा भाजतो.

आईच्या अंगणात कृष्णकमळ होतं. फिकट, जवळजवळ पांढऱ्या पाकळ्या, आत निळसर झालर, आणि वास असा की फूल दिसायच्या आधी कळायचं, आज उमललंय. एका दिवसाचंच फूल. आई सकाळी ते तोडायची नाही, आम्हाला बोलावून दाखवायची. झालरीतले शंभर कौरव, मधले पाच पांडव, दरवर्षी तेच, आणि आम्ही दरवर्षी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो.

वडील गेल्यावर घर विकलं. भाऊ आईला पुण्याला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. निघायच्या दिवशी तिने वेलीची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "ही जगव. फुलली की मी बघायला येते," म्हणाली. नवीन मालकाने पुढच्याच उन्हाळ्यात अंगणात फरशा बसवल्या, मांडव काढला, वेल मुळासकट उपटली. आईचं म्हणण्यासारखं जे काही उरलं, ते माझ्याकडच्या त्या फांदीत होतं.

ती जगवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं होऊन बसलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळायची, बोअरचं पाणी मचूळ, पानं पिवळी पडायची. आई फोनवर सांगायची, तांदूळ धुतलेलं पाणी घाल. तिला काय सांगणार, या घरात तिन्ही त्रिकाळ भाकरी, तांदूळ सणासुदीला. बिचारी वेल उपाशीच राहायची. मग मी मुळाशी माठ पुरला, वर गोणपाटाचा आडोसा केला. सासरे लांबून बघत असायचे. एक दिवस बागेतले जुने लोखंडी अँगल घेऊन आले, स्वयंपाकघराच्या दारासमोर रोवले, वर तार ओढली आणि वेल सुतळीने तारेला बांधली. अगदी द्राक्ष बांधतात तशी, दोन्ही हात पसरून उभी केल्यासारखी.

"मामा, हिला एवढं बांधायची गरज नाही. तिची ती चढते," मी म्हणाले.

"वळण लावल्याबिगर वेल शिस्तीत येत न्हाय, पोरी," ते म्हणाले.

तेव्हापासून ती माझ्याइतकीच त्यांचीही झाली. ठिबकची एक नळी त्यांनी तिच्यापर्यंत आणली. मळ्यातून आले की आधी तिच्याकडे एक नजर, मग चहा. वेल अशी माजली की दारावर सावली पडायला लागली. फक्त फूल येईना. आई दर रविवारी विचारायची, "लागली का कळी?" मी म्हणायची, लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी प्रवास बेताने करा म्हणून सांगितलं, तसा तिनेच हट्ट धरला, "आता कळीची वाट बघत नाही. श्रावणात येते, फूल असो नसो." हे मी घरात सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी मान हलवली आणि मांडवाखाली जाऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले.

पाडवा झाला आणि आई घसरून पडल्याचा फोन आला. मी पुण्याला गेले. ती चालायला लागली तशी परत आले. बसस्टँडवरून घरी पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. दारात आले तर दारावर ऊन.

मांडवावर काही नव्हतं. तारेवर दोन्ही बाजूंना जाड खोडाचे नागडे हात, त्यावर बोटभर खुंट, आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला मोरचुदाचा निळा लेप. बागेत पाडव्यानंतर खरड छाटणी करतात, अगदी तशी. बागेत त्या छाटणीवर काड्या जोमाने फुटतात आणि पुढचा घड त्याच काडीत धरतो. मामांनी तोच हिशेब इथे लावला होता.

ते खुशीत बाहेर आले. "नुस्ती पाल्यावर गेल्ती बघ. म्हून फूल धरंना. आता मोकळी केली. तुझी आई यील तवर फुलांचा खच पडतो का न्हाय, सांग मला."

माझा तोल गेला. "मामा, ही द्राक्षं आहेत का? घड बाजारात नेणार होता का तुम्ही?" आजवर त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. "छाटलेल्या फांद्या कुठे आहेत? एखादी तरी ओली असेल, मी लावते."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच थांबलं. छाटणीचा पाला बांधावर नेऊन जाळायचा, नाहीतर बागेत रोग राहतो, हीही त्यांची जन्माची शिस्त. राख मला दुसऱ्या दिवशी दिसली.

खुंटांवर दोन-चार हिरवे डोळे फुटले. मग वैशाखातली झळ सुरू झाली आणि ते जळाले. मामांनी मांडवावर ओली पोती टाकली, ठिबक वाढवली, मुळाशी शेणकाला घातला. भर दुपारी डोक्याला उपरणं गुंडाळून ते त्या खोडाला नखाने खरवडून बघायचे, आत हिरवं आहे का. एके दिवशी खरवडलं तर आत तपकिरी निघालं. त्यांनी उपरण्याने हात पुसले आणि न जेवता मळ्यात निघून गेले.

आई श्रावणात आली. मामा दारातच हात जोडून उभे. "विहीणबाई, म्या मारली तुमची वेल."

आईने रिकाम्या मांडवाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "फुलावी म्हणूनच कापलीत ना," म्हणाली, आणि पाणी मागितलं. राहिली तेवढे दिवस ती रोज त्या मांडवाखाली खुर्ची टाकून बसायची. पुढचा श्रावण तिने पाहिला नाही.

ती गेल्यावर मामांनी सोलापूरच्या एका नर्सरीतून कृष्णकमळाचं रोप आणलं आणि त्याच अँगलजवळ लावलं. ते इथल्या उन्हाला दाद देत नाही. मामा त्याला कात्री लावत नाहीत, सुतळीसुद्धा बांधत नाहीत. छाटणीच्या दिवसांत कात्री हातात असली तर दुसऱ्या दाराने घरात येतात. वेल वेडीवाकडी कशीही पसरली आहे, आणि पहिल्याच श्रावणात फुलांनी लगडली. गर्द जांभळी, मोठी, बिनवासाची फुलं.

मामांनी एक फूल ओंजळीत घेऊन मला विचारलं, "पोरी, तुझ्या आईचं असंच व्हतं ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "हो मामा," म्हणाले, "अगदी असंच."

आता दर श्रावणात ते विचारतात आणि मी तेच सांगते. आईच्या फुलाचा फोटो कुणी काढला नव्हता. माझी मुलगी सकाळी जांभळं फूल खुडून वहीत ठेवते आणि शाळेत मैत्रिणींना दाखवते, हे माझ्या आजीच्या अंगणातलं. त्याला वास का नाही, हे तिने अजून विचारलेलं नाही.