रहाटाआडून ऐकलेला वारस

“थोरला त्या घरच्या रक्ताचा नव्हेच! दाईनं पाळण्यातच…”

आणि इथे नेमका रहाट करकरला.

माझ्या फजितीचं मूळ शोधायला निघालात तर ते या करकरण्यातच सापडेल. नाहीतर मी काही वाईट बाई नव्हे हो! आळीतल्या चार घरांची विचारपूस करते, एवढंच. आता विचारपूस करायची तर आधी काय चाललंय ते कानावर नको का पडायला?

आमची वाडी आणि शेजारच्या मास्तरांची वाडी यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा. गडग्याच्या अलीकडे आमची विहीर, पलीकडे मास्तरांची मागची पडवी. रोज सकाळी नऊच्या सुमारास मास्तर पडवीत बसून काहीतरी मोठ्यानं वाचत, आणि त्याच वेळी आमच्या विहिरीवर फुलं काढायचं काम मला निघे. योगायोग!

तर दोन वर्षांमागच्या फाल्गुनात, मास्तरांच्या यमुनेला पाहायला दिवेआगरची मंडळी यायची होती. आई नसलेली पोर, एकोणीस सरलेलं. दोन ठिकाणं आधीच फिसकटलेली. हे तिसरं स्थळ आमच्या ह्यांनी मध्यस्थी करून आणलेलं. मुलगा दोन भावांतला थोरला, मुंबईला नोकरी, गावी पोफळीची वाडी. यमुनेनं दोन्ही वेळा पदराआड डोळे पुसलेले मी पाहिले होते, म्हणून तिसऱ्यांदा माझाच जीव टांगणीला. आणि मंडळी यायला दोन दिवस असताना मास्तरांचा तो आवाज कानी पडला. थोरला त्या घरच्या रक्ताचा नव्हे!

मी गडग्याला टेकले. रहाटाचा बैल हाकणाऱ्या धर्माला हळूच म्हटलं, “धर्मा, बैल थांबव रे जरा.”

“बैल थांबला तर वाडीला पानी कोन देनार, वैनी? तुमी?”

“अरे, घटकाभर!”

त्यानं थांबवला. पलीकडून मास्तर म्हणत होते, “…खरा वारस तिकडे कोळीवाड्यात वाढतोय. उजव्या दंडावर चंद्रकोरीसारखा डाग, हीच त्याची खूण…”

बैलानं आपल्या मनानं पाऊल उचललं. कर्रर्र! मी धर्माकडे डोळे वटारले.

“मी न्हाय हाकला, वैनी. त्यालाच सवय हाय.”

पुन्हा थांबला तेव्हा शेवट ऐकू आला. “…आणि हे फोडायचं ऐन लग्नमंडपात, सगळ्यांच्या देखत. तोवर कुणाला कळता कामा नये.”

माझ्या हातातली परडी विहिरीत पडली.

तुम्हीच सांगा, दुसरं कुणी काय समजलं असतं? मास्तर म्हणजे खरं ते बोलणार, मग आभाळ कोसळो! मांडवात उभे राहून म्हणतील, हा मुलगा तुमचा नव्हे, आणि पोरगी बोहल्यावरून परत! दुपारी ह्यांना जेवायला वाढता वाढता विचारलं, “त्या दिवेआगरच्या थोरल्याचं काही निराळं आहे का हो?”

ह्यांचा घास हातातच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“म्हणजे आहे!”

“त्या घरचं मला सगळं ठाऊक आहे. तू यात पडू नकोस. ताक वाढ.”

झालं. माझी खात्री पटली.

रात्रभर विचार करून (झोप कुठली लागायला!) मी एक तोड काढली. मुलाच्या उजव्या दंडावर तो डाग असला, म्हणजे तोच खरा वारस. दाईनं केली असेल अदलाबदल, पण आपल्याला मिळाला तो अस्सल! मग मास्तरांना काय मंडपात फोडायचं ते फोडू दे. फक्त दंड पाहायला हवा. पण पाहायला आलेल्या मुलाचा सदरा उतरवायचा कसा?

मंडळी आगबोटीनं रेवदंड्याला उतरून बैलगाडीनं आली. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मुलाचं नाव वसंत. सावळा, शांत, कोट खुंटीला लावून पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बसला. यमुनेनं खाली मान घालून पोहे दिले. आता घरात बाईमाणूस नाही म्हटल्यावर सरबत द्यायला मीच पुढे झाले. कोकमाचं. लालभडक. पेला वसंताच्या उजव्या बाजूला नेला आणि… पाटाला पाय अडखळला म्हणा.

“अगं बाई!” मी म्हटलं. “काढा, काढा तो सदरा. लगेच पाण्यातून काढते, नाहीतर डाग राहील.”

“राहू द्या हो काकू.”

“छे, छे! काढाच!”

बिचारा संकोचून पडवीच्या दाराशी गेला, सदरा काढला. मी मागोमाग. आणि काय सांगू, उजव्या दंडावर ठसठशीत डाग! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तशीच बाहेर ओटीवर धावले आणि मुलाच्या आईचे हात धरले.

“आहे! डाग आहे! बाई, काळजी करू नका. मुलगा खराच तुमचा आहे!”

मामांच्या मिशीला पोह्याचा दाणा तसाच चिकटलेला.

“माझा नाही, असं कोण म्हणालं?” त्या बाई अगदी हळू बोलल्या.

मग मला थांबता येईना. दाई सांगितली, पाळणा सांगितला, कोळीवाडाही सांगितला. आमचे हे डोक्याला हात लावून बसले.

“काकू,” दारातून वसंत म्हणाला, “ही देवी काढल्याची खूण आहे. लहानपणी सगळ्यांनाच टोचतात. तुमच्याही दंडावर असेल.”

होती हो! माझ्याही दंडावर होती!

मुलाची आई उठली. पदर सारखा केला. “दत्तक आहे तो. थोरल्या जावेचा मुलगा. पाच वर्षांचा होता, मांडीवर घेतला. धाकटा त्यानंतर झाला. पण मांडीवर घेतला त्या दिवसापासून वसंतच माझा थोरला. तुमच्या यजमानांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.”

“आणि मी त्याच दिवशी मास्तरांना सांगितलं,” हे म्हणाले. “हिला तेवढं नव्हतं सांगितलं.”

म्हणजे जे साऱ्यांना ठाऊक, ते मलाच नाही! आळीत असं कधी झालं नव्हतं.

मामा वहाणा शोधू लागले. यमुना आतल्या दारात पांढरीफटक उभी. तिसरं स्थळही चाललं, आणि या वेळी माझ्या हातून. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

“थांबा मामा,” वसंत म्हणाला. तो उघडाच ओटीवर आला होता. “चंद्रकोरीचा डाग… दाई… कोळीवाडा… मास्तर, मासिकात येतं ते ‘हेमद्वीपाचं सिंहासन’ तुम्ही लिहिता?”

मास्तर चपापले. “नाव माझं छापतात. मी नुसतं वाचून तपासतो. लिहिते ती ही.” आणि त्यांनी यमुनेकडे बोट केलं.

“तुम्ही?” वसंत तिच्याकडे वळला. “आमच्या बिऱ्हाडात आठ जण आहेत. चार थोरल्या राजपुत्राचे, चार धाकट्याचे. सहा महिने भांडतोय, गादी कुणाची म्हणून! आणि या काकूंनी आज सगळं फोडलं!”

यमुना पहिल्यांदा मान वर करून बोलली. “काकू, तुम्ही किती ऐकलंत?”

“अर्धंच गं. रहाट करकरत होता.”

“अर्ध्यात एवढं!”

आधी मास्तर हसले, मग मामा. शेवटी त्या बाईंनाही हसू आवरेना. खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “सरबत राहिलंय का थोडं? या वेळी पेल्यातून द्या.”

वैशाखात लग्न झालं. मंडपात कुणी काही फोडलं नाही. मी मात्र अक्षता पडेपर्यंत श्वास रोखून होते.

कादंबरीचा शेवट यमुनेनं बदलला. कोळीवाड्यातला वारस सापडतो, पण राणी भर दरबारात म्हणते, “मांडीवर घेतला त्या दिवसापासून हाच माझा थोरला,” आणि गादी थोरल्याकडेच राहते. दिवेआगरला सासूबाईंनी ते पान देवघरात ठेवलंय म्हणे.

माझीही वर्णी लागली आहे बरं का त्यात! राजवाड्यात एक दासी आहे. दर प्रकरणात कुणा ना कुणा राजपुत्राच्या अंगावर सरबत सांडते. लोकांना ती फार आवडते, असं वसंतानं कळवलं. मी चष्मा लावून सगळं वाचून काढलं. सांडण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ती एका कानानं बहिरी आहे असं लिहिलंय, हे साफ खोटं!

मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं. हवं तर धर्माला विचारा. हल्ली मी गडग्यापाशी आले की तो न सांगताच बैल थांबवतो.