रेखाची हमी कोणी द्यायची?

परवा रेखासोबत बालकल्याण समितीच्या बैठकीला जाऊन आलो. अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय...

रेखा (नाव बदललंय) माझी विद्यार्थिनी, आष्टीकडची. कविता म्हणताना डोळे मिटून घ्यायची, अन् वर्गाचा ताल चुकला की तशीच मान हलवायची. काय गोड दिवस होते ते!

ती दारू पिते म्हणून तिची पाच वर्षांची लेक बालगृहात गेली. होळीपासून रेखाने थेंब घेतलेला नाही. लेक परत मागायची होती. "गुरुजी, सोबत या, मला भ्या वाटतं," म्हणाली.

समितीतल्या साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला. "नवऱ्याला आणा. त्याने हमी दिली तर बघू."

रेखा हसली.

"त्यानंच तर पाजली, साहेब! तोडीवर गेल्तो. पोट पडलं माहं, रगत थांबंना. सकाळी फडात न्हाई गेले तर खाडा. मंग त्यानंच गिलास तोंडाला लावला. म्हणला, घे, दुखायचं न्हाई."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बायको खोपीत पडून राहिली की दोघांच्याही नावावर खाडा, म्हणजे दंड. पोटातलं बाळ गेलं तरी खाडाच!

साहेब म्हणाले, "ते ठीक आहे, पण हमी घरच्याचीच लागते."

मी उठलो. मी देतो हमी, म्हटलं. तर म्हणे, तुम्ही नात्यातले नाही... बरोबर. ग्लास लावणारा तेवढा नात्यातला!

समितीतल्या एक बाई उठून पुढे आल्या. त्यांनी रेखाला खुर्चीवर बसवलं अन् हळूच विचारलं, "तेव्हा दवाखान्यात नेलं होतं का गं कुणी? अजून दुखतं?"

"दुखतं, ताई..." एवढंच म्हणाली अन् पदरात तोंड घालून रडली.

बाईंनी हट्टाने नवऱ्याची अट काढायला लावली. आधी रेखाची तपासणी, लेकीला दर आठवड्याला भेट, अन् पुढची तारीख. लेक मात्र त्या दिवशी घरी आली नाही. येताना बसमध्ये रेखाच्या मांडीवर लेकीसाठी आणलेला फ्रॉक तसाच होता.

त्या बाईंचे मनापासून आभार. पण दारूबद्दल तिला आजवर सगळ्यांनी विचारलं... 'दुखतं का' हे विचारायला इतकी वर्षं का लागावीत?